तीस नाकांचे ठसे

९ जानेवारी १९५५, रविवार. औरंगाबाद

मुंबईच्या एका चित्रदालनाचं पत्र आलं. तीनदा वाचलं, चौथ्यांदा बायकोला, आशाला, वाचून दाखवलं. माझे लाकडावर कोरलेले बैल त्यांना पसंत पडलेत. मार्चच्या दहा तारखेपर्यंत तीस चित्रं तयार झाली तर माझ्या एकट्याचं प्रदर्शन भरवणार आहेत. आशा म्हणाली, "तीस बैल? मुंबईत एवढे बैल बघायला वेळ कुणाला?" आमच्या घरात कलेची कदर ही अशी आहे.

निजामी अमलात सोळा वर्षं मी पुराणवस्तू खात्यात शिलालेखांचे ठसे घेतले. दगडावर ओला कागद बसवायचा, कुंच्याने ठोकायचा आणि वरून शाईची पोटली फिरवायची, की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. ती वाचणाऱ्या पंडितांची नावं छापली जायची. ठसा कुणी घेतला हे कुणी विचारलं नाही. पोलीस ॲक्शननंतर खातं आटत गेलं आणि बावन्न साली मला नारळ मिळाला. तेव्हापासून सागाच्या फळ्यांवर गावाकडची ढोरं कोरतो आणि कागदावर छापतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आज पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव विचारलं आहे.

पत्र वाचतावाचताच कल्पना सुचली. शेतकरी खरेदीखतावर अंगठा उठवतो, मग त्याच्या बैलाने स्वतःच्या चित्राखाली नाक का उठवू नये? मला ठसे घ्यायला शिकवणारे उस्ताद कमरोद्दीन सांगायचे की माणसाच्या बोटासारख्या बैलाच्या नाकावरही रेघा असतात आणि दोघांच्या कधी जुळत नाहीत. वर कोरलेलं चित्र, खाली खऱ्या नाकाचा ठसा. हिंदुस्थानात असं कुणी केलेलं नाही.

दुपारी तालीम म्हणून ढोरांच्या बाजारात गेलो. एक पांढरा बैल मान खाली घालून उभा होता. डोळ्यांतून पाण्याची धार, नाकातूनही पाणी. इतकं उदास जनावर मी आजवर पाहिलं नव्हतं. व्यापारी म्हणाला, "धूळ गेली डोळ्यात. घ्या तुम्ही काय घ्यायचं ते." पंच्याने नाक कोरडं केलं, पोटली फिरवली, कागद दाबला. दुसऱ्याच खेपेला स्वच्छ ठसा आला. वहीत क्रमांक एक त्याचाच. नाव विचारायचं राहून गेलं.

११ जानेवारी, मंगळवार. बोरवंड

पैठणच्या मोटारीतून फाट्यावर उतरून दीड कोस चाललो. इथल्या काकासाहेब पाटलांच्या मळ्यात एक वीरगळ आहे, त्याचा ठसा मी पंधरा वर्षांमागे घेतला होता, तेव्हापासूनची ओळख. गोठ्याशेजारची खोली त्यांनी झाडून ठेवली होती. "बन्सीधरराव, दुनिया माणसांचे फोटो काढती अन् तुम्ही जनावराच्या नाकाला लागलात!" म्हणाले आणि पोट धरून हसले. तरी पहिले त्यांचेच बैल हवेत असा हट्टही धरला. होन्या दोन नंबर, पाखऱ्या तीन. होन्याचं नाक म्हणजे निव्वळ नक्षीकाम आहे.

चौथा नंबर वच्छलाबाईच्या चंद्रीचा. वच्छलाबाई विधवा आहे, या एका गाईच्या दुधावर तिची चूल पेटते. चंद्री आठ महिन्यांची गाभण. बाई तिच्या कानात बोलत होती, "उभी ऱ्हा गं माय, सायेब तुला मुंबईला नेत्यात." संध्याकाळपर्यंत पाच झाले.

पोटलीने आज कमाल केली. ही उस्तादांची पोटली, कोकराच्या मऊ कातड्यात कापूस भरलेली. खातं सोडून जाताना त्यांनी माझ्या हातात दिली. हिला कधी सुकू द्यायचं नाही, कधी धुवायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, हा त्यांचा दंडक. सुकली की कातडं ताठ होतं आणि बारीक रेघ मरते. पंचाही मी तोच ठेवतो. शाईला, ओलीला, हाताला सगळ्याला एकमेकांची सवय लागावी लागते.

१३ जानेवारी, गुरुवार. बोरवंड

आजपर्यंत अकरा. चंद्रीचा ठसा तिने जीभ लावून फिसकटवला होता म्हणून संध्याकाळी पुन्हा तिच्याकडे गेलो. काम चालू असताना गोठ्याच्या कुडाबाहेर अन्सार येऊन उभा राहिला. हा गावाच्या शिवेवर राहतो. मेलेली ढोरं सोलतो, चुन्याच्या हौदात कातडी कमावतो. मी म्हटलं, आत ये. तो म्हणाला, "नको साहेब. माझ्या अंगाला मेल्या ढोराचा वास ऱ्हातो, जितराब बिचकतंय."

बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "साहेब, एक सांगू का? ते फडकं अन् ती पोटली एका जनावराचं झाल्यावर धूत चला. आम्ही एक ढोर सोललं की चुन्याच्या पाण्यात हात बुडवल्याबिगर जित्या जनावराला शिवत नाय. माझ्या बापाची शिकवण हाय."

मला राग आला. कातडं सोलणाऱ्याने मला स्वच्छता शिकवावी! मी म्हणालो, "ही पोटली धुतली की मेली. तुझं काम वेगळं, माझं वेगळं." तो "व्हय, व्हय" म्हणत निघून गेला. माणूस वाईट नाही, पण अघळपघळ आहे. चंद्रीचा ठसा मात्र या खेपेला झकास आला.

१८ जानेवारी, मंगळवार. बोरवंड

मधले दिवस घरी जाऊन फळ्या घेऊन आलो. इथे बघतो तर होन्याने काल दुपारपासून वैरण सोडली आहे. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस. पाखऱ्याही सुस्त. काकासाहेब म्हणाले थंडी बाधली असेल. दोघांना गुळवणी पाजली.

मी होन्याची तीन रेखाटनं केली. ओल्या डोळ्यांखाली केसांची जी काळी वाट तयार होते ती कोरायला फार सुंदर आहे. बाजारातल्या त्या पांढऱ्या बैलाच्या डोळ्यांशी त्याचे डोळे अगदी मिळतेजुळते वाटले. आज तीन ठसे, एकूण चौदा.

२० जानेवारी, गुरुवार. बोरवंड

सात जनावरं बसली. हिरड्यांवर कोंड्यासारखे डाग, हगवण, आणि अशी घाण की गल्लीतून जाववत नाही. म्हातारे बुळकांडी बुळकांडी म्हणू लागलेत. चाळीस वर्षांपूर्वी अशीच आली होती आणि गावात नांगराला बैल उरला नव्हता, असं सांगतात. काकासाहेबांनी जिल्ह्याच्या सलोत्र्याकडे, म्हणजे ढोरांच्या डॉक्टरकडे माणूस धाडला. सलोत्री कन्नडकडे दौऱ्यावर गेले आहेत, कधी येतील ठाऊक नाही.

मला दुसरीच धास्ती पडली. उरलेली चांगली जनावरं आजारी पडली तर माझी तीस पुरी कशी होणार? सकाळपासून पळत सुटलो. ज्या गोठ्यात अजून काही नाही असे गोठे विचारून विचारून गाठले. एका दिवसात आठ ठसे! रात्र पडेस्तोवर कंबर धरली. लोकही घाईने पुढे येत होते. एक जण म्हणाला, "घ्या सायेब, काय व्हतंय काय नाय, निदान कागदावर तरी ऱ्हाईल." मला गहिवरून आलं. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतं आहे असं वाटलं.

२५ जानेवारी, मंगळवार. बोरवंड

होन्या गेला. मागोमाग पाच नंबर, मग तीन नंबरचा पाखऱ्या. काकासाहेब ओट्यावर बसून होते. मी वही उघडून होन्याचं नाक दाखवलं. त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडले. पाटलांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अन्सार रोज दोन-तीन ढोरं ओढून नेतो. त्याच्या हौदांवर कातड्यांची रास पडली आहे. पारावर कुणीतरी म्हणालं, "एकाचं मरण अन् एकाची दिवाळी." ते बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

माझे एकोणतीस झाले. एक बाकी आहे.

२८ जानेवारी, शुक्रवार. बोरवंड

चंद्री पहाटे मेली. पोटातलं वासरू आधी बाहेर टाकलं, ते मेलेलंच होतं. वच्छलाबाईने दावं सोडलं, गुंडाळलं आणि खुंटीला अडकवलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "सायेब, तिच्या नाकाचा कागद मला देता का?" माझ्याकडे दोन प्रती होत्या. चांगली ठेवून घेतली आणि दुसरी दिली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. चांगली द्यायला हवी होती, असं आता लिहिताना वाटतं आहे.

तिसावा ठसा आज मिळाला. गावातलं शेवटचं धडधाकट वासरू. फार छान उभं राहिलं.

३० जानेवारी, रविवार. बोरवंड

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. अठरा जनावरं गेली होती. कुणीतरी म्हणालं, ही बुळकांडी नाही, विष आहे. गव्हाच्या पिठाच्या गोळ्यात घालून देतात. कातड्यासाठी. नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. काकासाहेब म्हणाले, "डोळ्यानं बघितलेलं कुणी असंल तर बोला." मग माझ्याकडे वळले. "बन्सीधरराव, तुम्ही पंधरा दिस गोठ्यागोठ्यात फिरताय. तुम्ही भाईरचे, तुम्हाला कुणाचं देणं ना घेणं. अन्साऱ्याला कुठल्या गोठ्यापाशी बघितलं का?"

मी म्हणालो, "तेराला, गुरुवारी संध्याकाळी वच्छलाबाईच्या गोठ्याच्या कुडापाशी उभा होता."

"काय करत व्हता?"

"उभा होता."

हे खरं आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

वच्छलाबाई उठून उभी राहिली. सगळ्यात आधी तीच चालू लागली आणि गाव तिच्यामागे गेलं. मी गेलो नाही, पाराच्या कट्ट्यावर बसून राहिलो. पत्र्यांवर दगड पडल्याचे आवाज येत होते. मग पहारींनी हौद फोडल्याचे. चुन्याचं पांढरं पाणी ओढ्यापर्यंत वाहत आलं. अन्सारला कुणी जिवे मारलं नाही, एवढं काकासाहेबांनी पाहिलं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात काकासाहेबांनीच त्याला आणि त्याच्या बापाला कडब्याच्या गंजीखाली चार दिवस लपवलं होतं. ही हकीगत त्यांनीच मला कौतुकाने सांगितली होती.

अन्सार आणि त्याची बायको शकीला दोन गाठोडी घेऊन पारावरून गेले. त्याच्या कानामागून रक्त आलं होतं. माझ्यासमोर थांबला. "साहेब, मी तिथं काय बोललो ते तुम्ही सांगितलं नाय."

मी म्हणालो, "मला कुणी विचारलं नाही."

त्याने एकदा माझ्या पिशवीकडे बघितलं आणि ती दोघं फाट्याच्या वाटेला लागली.

५ फेब्रुवारी, शनिवार. औरंगाबाद

घरी आलो ते बरं झालं. दिवसभर कोरतो. होन्या फळीतून असा बाहेर येतो आहे की मलाच भीती वाटते. आशाला पोटलीचा वास सहन होत नाही. "अहो, हे मढ्यासारखं काय घाणतंय? बाहेर टाका." मी ती माळ्यावर ठेवली. तिला बोरवंडची सगळी हकीगत सांगितली, अन्सारची सोडून. ढोरं मेल्याचं मी मुंबईला कळवलं होतं, त्यांचं उत्तर आलं. आता ही चित्रं नुसती चित्रं राहिली नाहीत, एका नाहीशा झालेल्या गावाची ती सही आहे, असं लिहिलंय. वाचून ऊर भरून आला. ऊर भरून यायला नको होता की काय, कळत नाही.

९ फेब्रुवारी, बुधवार. औरंगाबाद

आज सकाळी सलोत्रीसाहेब घरी आले. बोरवंडला जाऊन, उरलेल्या जनावरांना लस टोचून आले होते. काकासाहेबांनी त्यांना सांगितलं की गावातल्या जनावरांची तारीखवार नोंद बन्सीधररावांकडे आहे. मला अभिमान वाटला. वही काढून दिली. प्रत्येक पानावर नाक, खाली नंबर, नाव, तारीख.

त्यांनी खिशातून एक कागद काढून शेजारी ठेवला. कोणतं जनावर कधी आजारी पडलं, कधी मेलं याची यादी. पानं उलटू लागले. दोन नंबर, तीन, चार, पाच. पेन्सिलीने खुणा करत गेले. चौदापर्यंत आल्यावर पेन्सिल थांबली.

"त्या गावात ऐंशी जनावरं. तुम्ही ज्यांना हात लावला नाहीत ती नंतर बसली, आणि तीही शेजारच्या दावणीची. आधी बसली ती सगळी तुमच्या वहीतली, आणि जवळजवळ तुमच्या नंबरानेच. हा एक नंबर कुणाचा?"

मी सांगितलं, बाजारातला पांढरा बैल. डोळ्यांतून पाणी येत होतं, असंही सांगितलं.

"नाक कशाने पुसत होता?"

पंचा दाखवला. पोटली दाखवली. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच बघितली. "धुतली होती मधे कधी?"

मी त्यांना उस्तादांचा दंडक सांगू लागलो आणि अर्ध्यावरच पोटली फडक्यात गुंडाळायला लागलो.

ते शांतपणे बोलले. हा रोग नाकाच्या आणि डोळ्याच्या पाण्यातून जातो. उन्हात वाळलं तर काही तासांत मरतो. ओलाव्यात, सावलीत टिकतो. विष वगैरे काही नव्हतं. "रिपोर्टात मी बाजारातून संसर्ग एवढंच लिहीन. तुम्हाला कुठे ठाऊक होतं? पण त्या कातडीवाल्याचं घर पाडलं म्हणे. तेवढं तुम्ही बघा."

चहा न घेताच गेले. आशा दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

१० फेब्रुवारी, गुरुवार

पोटली जाळली. कातडं जळताना एकेक नाक डोळ्यांसमोर आलं.

मला ठाऊक नव्हतं, असं सलोत्री म्हणाले. अन्सारने मला सांगितलं होतं हे त्यांना ठाऊक नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

आशा आठवडाभर एकच विचारते आहे, "गेलात का?" आज गेलो. अन्सार मुकुंदवाडीला साडूच्या घरी उतरलाय असं कळलं होतं. स्टेशनच्या पलीकडे खडी फोडताना दिसला. हात चुन्याने आधीच खाल्लेले, आता त्यांवर खडीच्या चिरा.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पोटली, पंचा, नंबर. त्याने हातोडा खाली ठेवला नाही. शकीला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

मला वाटलं होतं शिवी देईल. त्याची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "मग चला. चार लोकांत बोला."

"त्यांना पटेल का?"

"ते तुम्ही बघू नका. तुम्ही शिकलेले, पाटलाच्या वसरीला बसणारे. तुमच्या बोलण्यानं माझं घर गेलं, तुमच्याच बोलण्यानं येईल." मग म्हणाला, "साहेब, मला दुसरं काम येत नाय. हौद हाय तिथंच पाणी हाय, ओढ्याचं. ह्या शहरात कातडं भिजवायला मला कोण जागा देणार? सहा महिने खडी फोडली तर हे हात संपतील."

शकीला म्हणाली, "भाईसाब, इनके अब्बाकी कबर भी वहीं है."

ठरलं असं की पुढच्या गुरुवारी मी सकाळच्या मोटारीने बोरवंडला जाईन, गावासमोर बोलेन आणि संध्याकाळच्या मोटारीने परत येईन. ती दोघं पैठण दरवाजापाशी थांबतील. मी होकार आणला तर तसेच बैलगाडीने निघतील. मी त्याच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

घरी आल्यावर आशाने दोन घास जास्तीचे वाढले. पुष्कळ दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

२० फेब्रुवारी, रविवार

तीसही चित्रं तयार झाली. भिंतीला टेकवून ओळीने लावली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे यात शंका नाही. यातली बावीस जनावरं आज नाहीत. मला ती फाडून टाकावीशी वाटतात आणि फाडवत नाहीत. दोन्ही खरं आहे.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. पाय मागे ओढत होते तरी गेलो, एवढं माझ्या बाजूने लिहितो.

पारावर काकासाहेब, सहा-सात माणसं आणि वच्छलाबाई. मी उभा राहून बोललो. काही लपवलं नाही. अन्सार कुडापाशी का उभा होता आणि मला काय सांगत होता, तेही सांगितलं.

वच्छलाबाईने विचारलं, "म्हंजे माझी चंद्री तुमच्या फडक्यानं गेली?"

"हो."

"दोन टायमाला आलता तुम्ही तिच्याकडं."

"हो."

"मग मी त्या माणसाला पयला धोंडा मारला, तो कशापायी?" तिने हे मला विचारलं नव्हतं, काकासाहेबांना विचारलं होतं. ती पदर सावरून उठली आणि घराकडे गेली.

मग काकासाहेब हळू आवाजात बोलले. "बन्सीधरराव, हे त्या सलोत्र्यानं तुमच्या डोक्यात भरवलंय."

"नाही. वही माझी आहे."

"बरं, वही तुमची. समजा, तुम्ही म्हणताय तसंच झालं. मग आम्ही कोण झालो? ज्याला मी कडब्याखाली लपवलं, त्याचं छप्पर मी माझ्या म्होरं पाडू दिलं. विनाकारण? हे मी गावाला सांगू? माझ्या नातवाला सांगू?" त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "त्याला आता माघारी आणलं तर रोज सकाळी त्याचं तोंड बघावं लागंल. नाय जमायचं. इथं कुणालाच नाय जमायचं. तुम्ही बोललात, तुमचं ओझं उतरलं. आम्ही ऐकलं नाय. चहा घ्या."

मी म्हणायला हवं होतं की मी ऐकणार नाही, मामलेदाराकडे जाईन, लिहून देईन. सलोत्री साक्षीला आहेत, वही आहे. मोटारीत बसल्यावर हे सगळं सुचलं. तिथे मी काय केलं? बशीत चहा ओतला आणि प्यालो. आणि खरं लिहायचं तर तो चहा पिताना मला हायसं वाटलं. कुणी माझ्या अंगावर आलं नाही, कुणी दगड उचलला नाही. मला 'राव' म्हणूनच निरोप दिला. एक जण फाट्यापर्यंत पोचवायला आला, माझी पिशवी त्यानेच धरली होती.

मोटार शहराच्या जवळ आली तशी अन्सारशी काय बोलायचं ते जुळवू लागलो. त्याला काय सांगू? गाव ऐकत नाही म्हणून सांगू, की मी नीट बोललो नाही म्हणून? तो म्हणेल, उद्या पुन्हा चला, मामलेदाराकडे चला. तो म्हणेलच. आणि मग वही, माझं नाव, मुंबई, सगळं त्या मामलेदाराच्या टेबलावर.

मोटारीचा शेवटचा थांबा पैठण दरवाजा. मी त्याच्या आधी, स्टेशनपाशीच उतरलो. तिथून आडरस्त्याने चालत निघालो. एका वळणावर लांबून दरवाजा दिसतो. दरवाजापाशी बैलगाडी उभी होती, वर एक पेटी आणि चुन्याची नवी टोपली. शकीला गाडीत बसली होती. अन्सार रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या खिडक्यांत बघत होता. मी मान खाली घालून गल्लीत शिरलो.

आशा दारातच होती. "काय म्हणाला अन्सार?"

मी चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणालो, "तो आलाच नव्हता."